बारा पावलांवरची नोकरी

नाही बाई, ते मी सांगायचंच नव्हतं — तोंडातून निघून गेलं. काका बर्फ आणायला जाताना मला म्हणाले होते, 'प्रमोदिनी, तपासणीच्या बाई आल्या आहेत. त्यांना खुर्ची दे, पाणी दे आणि तोंड बंद ठेव.' खुर्ची दिली, पाणी दिलं. तिसरं राहिलं. एरवी मी बोलतच नाही हो — शाळेत मला प्रश्न विचारला तर माझं उत्तर शेजारची मुलगी देते — पण तुम्ही विचारलंत, घरात बाईमाणूस कोण, आणि मी म्हटलं, काकू आहे, कौसल्याकाकू, ती समोर धोंडबांकडे गेली आहे. आणि तुम्ही लगेच दुसरी फाईल काढलीत. धोंडबांची. तिच्यात 'परिचारिका : कौसल्या' असंच आहे ना? मला ठाऊक आहे, ते अक्षर माझंच आहे. दोन्ही अर्ज मीच लिहिले — काका म्हणतात, सरकारला सुवाच्य अक्षर आवडतं.

थांबा, आत जाऊ नका इतक्यात. आजोबांचं अंग पुसणं चाललं आहे. तुळसाबाई आहेत आत — आमच्या फाईलमधल्या परिचारिका. हो, त्याच. धोंडबांच्या सूनबाई. आता तुम्हाला निम्मं कळलंच आहे, तर उरलेलं चुकीचं कळण्यापेक्षा मीच सांगते, म्हणजे निदान क्रम तरी नीट राहील.

आमचे आजोबा आणि समोरचे धोंडबा एकाच खात्यात होते. एकाच पाण्याच्या टाकीच्या परांचीवरून, एकाच दिवशी पडले. अकरा वर्षं झाली — मी तेव्हा चार वर्षांची, सावनेरला आईजवळ होते; इथे शाळेसाठी मागून आले. तेव्हापासून दोघंही खाटेवर, कमरेखाली काहीच हलत नाही. मध्ये हा रस्ता. मोजून बारा पावलं आहे, मी मोजला आहे. या बाजूला आजोबांचं सगळं काकू करते, त्या बाजूला धोंडबांचं सगळं तुळसाबाई करतात. सगळं म्हणजे — तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्हाला सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. आजोबांच्या पाठीवर अकरा वर्षांत एक जखम नाही. डॉक्टर येतात ते पाठ बघतात आणि काकांचा हात हातात घेऊन म्हणतात, 'वाहवा, मुलगा असावा तर असा.' काकू तेव्हा डॉक्टरांसाठी हात धुवायला पाणी घेऊन उभी असते.

मग तुमच्या खात्याचं ते परिपत्रक आलं. कामावर जखमी होऊन खाटेला खिळलेल्यांना परिचर भत्ता, महिना नव्वद रुपये. काकांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. काकू भाकरी थापता थापता थांबली — तिला वाटलं, तिचंच काही तरी आलं. मी वाचत गेले आणि चौथं कलम आलं. पाठ आहे मला : 'परिचर हा कुटुंबाबाहेरील असावा, कुटुंबीयांनी केलेली सेवा ही स्वाभाविक असल्याने तीस भत्ता देय नाही.' काकूने विचारलं, 'स्वाभाविक म्हंजे काय वं?' मी म्हटलं, आपोआप होणारं. ती म्हणाली, 'आपोआप?' — आणि तव्यावरची भाकरी करपली. तीही आपोआपच म्हणायची. मला एक कळत नाही बाई — काकाही घरचेच आहेत, आजोबांचे सख्खे चिरंजीव आहेत, मग त्यांच्याकडून ती सेवा स्वाभाविकपणे का होत नाही? नाही, तुम्ही उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

काकांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी अंगणातूनच ओरडले, 'सुचलं!' आपली कौसल्या धोंडबांची परिचारिका, त्यांची तुळसाबाई आपली. दोघीही कुटुंबाबाहेरच्या, आडनावं वेगळी, दोन्ही घरांना भत्ता, कलम जसंच्या तसं पाळलेलं. तुळसाबाई म्हणाल्या, 'मंग आमाले काय भेटन?' काका म्हणाले, 'काहून, पैसा घरातच येऊन राहिला ना?' त्यांनी त्या पैशाचा टेबलपंखा ठरवूनही टाकला आहे. आजोबांसाठी. लागणार मात्र बैठकीत, कारण वायर तिथपर्यंतच पोचते.

हे सगळं कागदावरच राहिलं असतं. पण तुमचं पत्र आलं — तपासणी 'चालू आठवड्यात केव्हाही, अकरा ते पाच'. तारीख घालायला हवी होती बाई. तारीख असती तर एका दिवसात निभावलं असतं. आता सोमवारपासून रोज अकराच्या ठोक्याला काकू इथून निघते, तुळसाबाई तिथून निघतात, दोघी रस्त्याच्या मध्यावर भेटतात आणि एकमेकींना सूचना देतात — 'वरण पातळ कर वं, त्याइले घट्ट चालत नाही' — 'आमचे बुवा चमच्यानं नाही खात, हातानं भरव' — आणि आपापल्या नोकरीवर जातात. काकांनी आठवडाभर रजा काढली आहे, वडिलांच्या सेवेसाठी. अकरा वर्षांत पहिलीच. ते बैठकीत बसून खिडकीतून तुमची वाट बघतात. मार्च लागल्यापासून माझी शाळा सकाळची, म्हणून दुपारी मीही असते, आणि मला जे दिसतं ते दिसतं.

सोमवारी तुळसाबाई आल्या तर काका उठून उभे राहिले. 'या, बसा.' खुर्ची दिली — हीच, तुम्ही बसला आहात ती. काकूला या खुर्चीवर बसलेली मी कधी पाहिलेली नाही, ती तिच्यावर चढून जळमटं काढते. आणि आजोबा! तुम्हाला दिसतील आता, शांत, गरीब म्हातारा माणूस. त्यांची वाचा अगदी ठणठणीत आहे, पण काकूशी ते बोलत नाहीत. उशाशी पितळी पेला आणि चमचा आहे. एक ठोका म्हणजे पाणी, दोन ठोके म्हणजे कूस, तीन म्हणजे भांडं. उशीर झाला तर पेलाच भिरकावतात — तो भिंतीवरचा पोपडा त्याचाच. आणि सोमवारी तुळसाबाईंना काय म्हणाले माहीत आहे? 'बाई, तुमाले तरास देऊन राहिलो मी.' तुमाले! मंगळवारी तर विचारलं, 'तुमी जेवल्या का?' चार दिवसांत चमच्याला हात लावला नाही. मी दाराआड उभी होते, मला वाटलं खाटेवर दुसरंच कोणी आणून निजवलं आहे.

संध्याकाळी काकूला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, तिकडेही तेच. धोंडबा रोज सुनेला म्हणतात, तुझी भाकर म्हणजे चपलेचा तळ. आणि काकूने भरवली तर म्हणाले, 'वा, परक्याच्या हातची भाकर कशी मऊसूत लागते!' बाई, ती भाकरी तुळसाबाईंनीच सकाळी थापून ठेवली होती, काकूने फक्त कुस्करली. दोघी विहिरीपाशी पोट धरून हसत होत्या. मग तुळसाबाई मध्येच बादली उचलून निघून गेल्या. काकूही मग फार वेळ हसली नाही.

आणखी एक. तुळसाबाई काकूसाठी चहा करून झाकून ठेवतात, आणि काकू निघायच्या आधी तुळसाबाईंसाठी ठेवते. म्हणजे दोघी रोज दुसरीने केलेला चहा पितात. काकू म्हणते, 'लग्नानंतर दुसऱ्याच्या हातचा चहा मले पहिल्यांदा या सरकारनं पाजला.' तुमच्या अहवालात लिहिण्यासारखं आहे हे. नाही, लिहू नका.

आता मुद्द्याचं सांगते. काका येण्याआधी सांगते. तुमच्या फाईलबरोबर ती हजेरीवही आहे ना — शेवटचं पान बघा. काकांनी नमुन्याप्रमाणे सगळं भरून घेतलं माझ्याकडून : वेळ अकरा ते पाच, जेवणाची सुट्टी एक तास, साप्ताहिक सुट्टी रविवार. लिहून झालं तेव्हा काकूने मागून वाकून पाहिलं. तिला हळूहळू वाचता येतं, बोट ठेवून. रविवारावर तिचं बोट थांबलं. 'रविवारी तुळसाबाईले सुट्टी?' काका म्हणाले, हो. 'मलेबी?' काका म्हणाले, 'कागदावर हो.' 'मंग रविवारी म्हाताऱ्यांले कोण पाहते?' काका म्हणाले, घरचे. 'घरचे म्हंजे कोण?' — आणि बाई, काका वहीची पानं मागेपुढे उलटायला लागले. कारण कागदावर या घरात सूनच नाही. ती समोर नोकरीला आहे. आणि समोरच्या घरात सून नाही, ती इथे आहे. सोमवार ते शनिवार सगळं चोख, आणि रविवारी दोन म्हातारे आणि दोन मुलगे. काका शेवटी म्हणाले, 'ते नंतर पाहू वं, आधी सायबाची सही होऊ दे.' काकू एवढंच म्हणाली, 'सही झाली म्हंजे खरं ना?'

ती दारामागची वायरची पिशवी दिसते आहे? हिरवी-पांढरी. काकांना वाटतं ती देखाव्यासाठी आहे, परिचारिका पिशवी घेऊन येतात म्हणून. तिच्यात एक लुगडं आहे, गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली आहे, आणि माझ्या अक्षरात पारशिवनीच्या गाडीच्या वेळा आहेत — जाण्याची सकाळची, येण्याची संध्याकाळची. काकूची आई पारशिवनीला असते. दोन्ही डोळे गेले तिचे. काकूने तिला चार वर्षांत पाहिलेलं नाही — पारशिवनी काही लंका नाही, सकाळी गेलं तर रात्री घरी — पण दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? काकूने सोमवारपासून पंख्याचं नाव काढलेलं नाही, नव्वद रुपयांचंही नाही. मला फक्त एकदा विचारलं, 'तपासणीवाले सही कुठं करतात वं, पानाच्या खाली? म्हंजे रविवार सहीच्या वर येते ना?' मी म्हटलं, हो काकू, वर येतो.

म्हणून मी बोलले. नाही, म्हणजे बोलायचं नव्हतंच, पण आता बोललेच आहे तर — तुम्ही हे सगळं खोटं म्हणून लाल शाईने खोडलंत तर ते बरोबरच आहे. आमच्या शाळेतल्या बाई म्हणतात, खोट्याला गुण नाहीत. पण बाई, यात खोटं नक्की कोणतं? काकू काम करते हे खोटं नाही. आजोबा खाटेवर आहेत हे खोटं नाही. काकू बारा पावलं इकडे असली तर शून्य, तिकडे असली तर नव्वद. मग नव्वद रुपये कामाचे की पावलांचे? मला गणितात पैकीच्या पैकी असतात आणि तरी हे सुटत नाही.

तुम्ही घड्याळ बघताय. मघापासून चौथ्यांदा. दुसऱ्या घरची तपासणी आहे का? नाही? — मग — रागावू नका, पण तुमच्या पिशवीतून ती शेकायची रबरी पिशवी डोकावते आहे, नवी, दुकानाच्या कागदासकट. आणि तुमच्या खांद्यावर तेलाचा डाग आहे, इथे, जिथे आधाराला धरून उठणाऱ्या माणसाचा हात पडतो. काकूच्या सगळ्या पोलक्यांना तिथेच असतो. कोण आहे हो तुमच्याकडे? सासूबाई? — आणि आत्ता कोण आहे त्यांच्याजवळ? — बरं, नका सांगू. मी कुणाला सांगणार नाही. मी मुळात बोलतच नाही. तुमच्या समोर कुणाचं घर असेल तर मात्र —

थांबा. ऐकलंत? टण्, टण्. पेला! चार दिवसांत पहिल्यांदा. दोन ठोके, कूस बदलायची आहे — आणि तुळसाबाई मोरीत पाणी बदलायला गेल्या असतील, त्यांना हे ठोके ठाऊक नाहीत, त्या प्यायचं पाणी नेतील. पुन्हा वाजला. त्यांना आधी उजवा खांदा उचलावा लागतो, नाहीतर कळ येते — आता काय करायचं, मला एकटीला तर — अगं बाई! बाई, तिकडे बघू नका. रस्त्यावर बघू नका. ती जी ओल्या हातांनी, पदर खोचून, अनवाणी पळत येते आहे ती धोंडबांची परिचारिका आहे, तिची जेवणाची सुट्टी असेल, तिचा या घराशी काही — गेली आत. तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिने.

वाजायचं थांबलं.

काय? हो! हो काकू, आले, डावीकडून धरते, आलेच — नाही गं, मी काहीच नाही सांगितलं, मी बाईंना फक्त पाणी — बाई, पेन उघडलंत तुम्ही. नव्वद रुपये खोडा, परिचारिका खोडा, दोघींचीही नावं खोडा, माझ्या अक्षराचं काही वाटून घेऊ नका, पण तो शेवटच्या पानावरचा रविवार तेवढा —