जर्मनचा पेला

...आन् वर मलाच म्हणतात, ‘शरणप्पा, पुस्तक मात्र एक नंबर!’ अहो, मी कवा न्हाई म्हणलो? तुम्हाला सांगतो, आमच्या गल्लीचं वाचनालय मीच चालवतो, पण पुस्तक परत देताना कुणी डोळे पुसलेले मी कधी बघितले न्हाईत. ह्या पुस्तकानं पुसायला लावले! तिकडं अमेरिकेत गोऱ्यांनी काळ्यांना कसं वागवलं, त्याचं जुनं जुनं लिखाण गोळा करून मराठीत आणलेलं. कुण्या गुलाम बाईची कहाणी, कुण्या शहाण्या गोऱ्याचं भाषण... माणूस आतून हलतो हो!

आमचे गुरुबसप्पा आडतवाले, जन्मात बाजारभावाच्या पलीकडं काई वाचलं न्हाई, ते पुस्तक छातीशी धरून आले. ‘शरणप्पा, पाण्याचे नळबी येगळे? माणसाला माणसाचा इटाळ? ही काय माणसं म्हणावी! आपल्याकडं असलं काई न्हाई, बरं का!’ मागून चंद्रप्पा मास्तर आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘काटा आला अंगावर. नशीब, आपल्याकडं असलं काई न्हाई.’

आन् आमची अव्वा, म्हंजे माझी आई, मल्लम्मा! अक्षर एक येत न्हाई, पण दुपारी मी वाचायचो आन् ती वाती वळत ऐकायची. मालकानं एका आईचं लेकरू बाजारात विकलं, ते वाचलं त्या दिवशी जेवलीच न्हाई. ‘अय्यो शिवने! त्या गोऱ्याला माझ्या दारात तर येऊ दे, दाखवते त्याला!’ आता लातुरात मी गोरा कुठून आणू?

साल कोणतं, तर आमचा जिल्हा नुकताच झालेला. जिल्हा नवा, पाणी मात्र जुनंच, म्हंजे न्हाईच! टँकर आला की गल्लीत घागरीला घागर आपटायची. पाणी न्हाई, पण कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं बदलीची माणसं आली. वरची खोली मी सिंधुबाईला दिली. हिमायतनगरकडची, शाळेत शिकवणारी, नवरा कचेरीत. बौद्धाचं घर. अख्ख्या गल्लीत कुणी देईना, मी दिली! आन् हे पुस्तक वाचनालयाला दिलं कुणी? तिनंच!

मग सगळे म्हणले, एवढ्या पुस्तकावर चर्चा पाहिजे. मी म्हणलो, घ्या माझ्याच घरी. सिंधुबाईला सांगायला गेलो, तर ती काय म्हणावी? ‘काका, येते. पण इथं राहायला येऊन वर्ष होत आलं, तुमच्या ओट्याच्या आत मी आले न्हाई. बोलले तर आत बैठकीत बसून बोलीन. जमत नसेल तर आजच सांगा, आम्ही दुसरी खोली बघतो.’ मी छाती फुगवून म्हणलो, ‘अहो, काय बोलायलाव! आपल्याकडं असलं काई न्हाई!’

झालं! आले सगळे. सिंधुबाई बरोबर मधी बसली. पुण्याकडून बदलून आलेले बँकेचे साहेब बी आले, सज्जन माणूस, रंगानं लई उजळ. गुरुबसप्पा गुलामगिरीवर असे तापले, असे तापले, की मला वाटलं आता उठून अमेरिकेलाच जातात. तेवढ्यात अव्वा पाणी घेऊन आली. माझं भांड्याचं दुकान, घरात स्टीलचे पेले म्हणाल तेवढे! सगळ्यांना दिले. साहेबापाशी आली आन् थबकली. त्याच्या तोंडाकडं बघितलं... गेली बाहेर, आन् ओट्यावरच्या भिंतीतल्या देवळीतला जर्मनचा, म्हंजे ॲल्युमिनियमचा, पोचे पडलेला पेला भरून आणला, आन् आदळला त्याच्या पुढं!

साहेबाला काय ठाव? घटाघटा प्याला. पण सिंधुबाईनं पेला वळखला. वळखणारच हो! वर्षभर ओट्यावर तिला पाणी त्याच्यातच मिळालं होतं.

‘अव्वा, साहेबांना माझा पेला का दिला?’

‘गोरा हाय तो! ह्या लोकांनी काय काय केलं, तू वाचलं न्हाईस? असल्याला येगळाच द्यावा लागतो!’

‘आन् मला का येगळा होता, अव्वा? मी काय केलं होतं?’

तुम्हाला सांगतो, मी माळवदाच्या लाकडांकडं बघत राहिलो. सिंधुबाई पदर सावरून उठायला लागली. गेली, मनात म्हणलो, खोली बी गेली आन् माणूस बी गेलं! पण आमची अव्वा... काय सांगू तुम्हाला! तिनं तोच पेला उचलला, घागरीतून भरला, आन् जन्मभर वरून पाणी पिणारी बाई, तिनं काठाला तोंड लावलं. अर्धा प्याली आन् सिंधुबाईपुढं धरला. ‘त्या पुस्तकातल्या बाईसाठी मी उपाशी राहिले, आन् तू वर राहतेस तर मला दिसली न्हाईस गं माय. घे, पी.’ सिंधुबाई उभ्यानंच प्याली, तोंड लावून, आन् परत आपल्या जागेवर बसली. माझे डोळे भरले, खोटं कशाला बोलू?

मग अव्वा वळली. ‘आता सगळ्यांनी ह्याच्यातूनच!’

साहेब म्हणले, ‘मला अजून एक द्या.’ मी बी प्यालो. जरा थांबून, पण प्यालो. बाकीचे? चंद्रप्पा मास्तरांना एकदम सोमवारचा उपास आठवला. अहो मास्तर, आज रविवार! गुरुबसप्पा म्हणले, ‘मला तर तहानच न्हाई.’ तहान न्हाई! भर दुष्काळात, अख्खा जिल्हा घोटभर पाण्यासाठी वणवण करायलाय, आन् माझ्या बैठकीत मात्र तहान म्हणून कुणाला न्हाई!

सिंधुबाई मग बोलली, आन् असं बोलली की पुस्तक फिकं पडावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोरड्या घशानं, पण वाजवल्या. खोली काई सोडली न्हाई तिनं, आन् अव्वाला आता तीच वाचून दाखवते.

आन् गुरुबसप्पा चपला घालताना माझा हात दाबून काय म्हणावेत? ‘शरणप्पा, पुस्तक मात्र एक नंबर! आपल्याकडं असलं काई न्हाई, पण माणसानं वाचावं. असंच दुसरं आलं तर पयलं मला द्या.’

देतो की. पुस्तक देतो हो... तहान कुठून आणून देऊ?