पहिल्या वर्षाचा वर्ग

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून सिस्टरनं आम्हाला डोळे मिटून बसवलं होतं. शेजारी एक वयस्कर प्राध्यापक होते, आणि त्यांना गाडीतून घेऊन आलेली त्यांची विभागप्रमुख. एके काळची त्यांचीच विद्यार्थिनी.

“अगं, पहिल्या वर्षाचा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी दे. माझ्याच्यानं होणार नाही.”

“सर, आठवडाच झालाय. प्रश्न विचारल्यावर जरा थांबा, एवढंच मी सगळ्यांना सांगितलं होतं.”

“थांबलो ना. विभागप्रमुखांचा हुकूम. वर्ग नुसता फळ्याकडे बघत बसला.”

“मग?”

“मग एकानं तोंड उघडलं, मग दुसऱ्यानं. एन्ट्रॉपीची व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ, अर्थ एकालाही सांगता येईना. मीच उत्तर सांगून पुढे जायचो, तेव्हा छान चाललं होतं.”

“तसं वाटायचं.”

“टोमणे नकोत. तुमच्या बॅचला येत होतं. तू तर पहिली आलीस.”

“मलाही व्याख्याच पाठ होती, सर.”

“काय सांगतेस? आणि इतकी वर्षं शिकवतेस?”

“तुमच्याकडे बघूनच शिकवायला लागले.”

“बरं. वर्ग कुणाला द्यायचा ते नंतर बघू. आधी मला सांग, गरम चहा आपोआप गार होतो, मग गार झालेला आपोआप गरम का होत नाही? व्याख्या नकोय.”

बराच वेळ पंख्याचाच आवाज येत राहिला. मग सिस्टरच्या चपला वाजल्या.

“आजोबा, चला, तुमचा नंबर आला.”

“दुसऱ्या कुणाला तरी आधी घ्या, सिस्टर. ती विचार करतेय.”