पुनमच्या खात्यावरचे तास

दि. ५ नोव्हेंबर २०२५, जळगाव

मी, जीवराम उखा शिसोदे, वय ६३ वर्षे, धंदा : सेवानिवृत्त (वीज मीटर रीडिंग), रा. अमळनेर, जि. जळगाव, आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर होऊन विचारल्याप्रमाणे सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी कुंदाबाई, मुलगा ललित, सून व नातू यांच्यासह राहतो. ललितचे बी-बियाण्यांचे दुकान आहे. मला पुनम नावाची मुलगी आहे, वय २६. तिचे कॉम्प्युटरचे शिक्षण जळगाव येथे झाले. ती ११ जून २०२३ रोजी घरातून गेली व तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केले. त्या दिवशी घरात जे बोलणे झाले त्याबाबत मला काही सांगायचे नाही. तेव्हापासून तिचा आम्हाला फोन नाही.

ललितने ६ ऑक्टोबर रोजी तक्रार दिली की, माझ्या पेन्शनच्या खात्यातून ३ तारखेला ३,०६६ रुपये कुठल्यातरी परदेशी कंपनीकडे गेले व ती ऑनलाईन फसवणूक आहे. त्याने माझे पासबुक भरून आणले तेव्हा त्याला ही रक्कम दिसली. त्याने विचारले तेव्हा मी त्याला उत्तर दिले नव्हते. ते उत्तर आता देतो.

त्या कंपनीकडचे खाते पुनमचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ती शिकत असताना तिला मोठे कॉम्प्युटर लागत होते. तसे विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. ती म्हणाली की, अशी यंत्रे एक कंपनी लांब कुठेतरी ठेवते, आपण इंटरनेटवरून वापरायची व वापरू तेवढेच पैसे द्यायचे. खाते उघडायला कार्ड लागते म्हणून मी माझे कार्ड दिले. ओटीपी मीच वाचून सांगितला. दर महिन्याला आपोआप पैसे कापण्यास मंजुरीही मीच दिली. माझी कोणी फसवणूक केलेली नाही.

मला हिशेब कळत नव्हता तेव्हा तिने ओट्यावर बसून समजावून सांगितला. ती म्हणाली, "आबा, तुमनं मीटरच शे हाई. मीटर फिरस तोपावत पैसा लागतस." यंत्र चालू असेल तितक्या तासांचे पैसे, अंदाजे चार रुपये तास. काम झाले की यंत्र बंद करायचे, म्हणजे तास मोजणे थांबते. परंतु आपल्या फाईली तिथे ठेवलेल्या असतात, त्या जागेचे भाडे यंत्र बंद असले तरी लागते. मी म्हटले, म्हणजे आपल्या बिलातला स्थिर आकार. ती हसली व हो म्हणाली. तो आकार महिना १८६ रुपयांच्या आसपास येतो.

त्या जागेत काय ठेवले आहे असे विचारल्यावरून सांगतो की, पुनम आपली अहिराणी बोली कॉम्प्युटरला ऐकून लिहिता यावी असे काही करत होती. त्यासाठी तिने माझ्या पत्नीला रोज दुपारी समोर बसवून बोलायला लावले. पत्नीने शेतातल्या, माहेरच्या, लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. असे चाळीस तासांचे बोलणे तिथे आहे. घरात त्याची प्रत नाही.

पुनम गेल्यावर मी कार्ड बंद केले नाही. पैसे भरले नाहीत तर कंपनी काही दिवस वाट पाहते व नंतर ठेवलेले सर्व पुसून टाकते, असे तिनेच मला सांगितले होते.

दर महिन्याच्या दोन तारखेला बँकेचा मेसेज येतो की उद्या इतके रुपये कापले जातील. तास किती झाले ते मेसेजमध्ये नसते, ते मी काढतो. रकमेतून १८६ वजा करायचे व चारने भागायचे. साधारण दोनशे तास निघतात. म्हणजे सुट्ट्या सोडून रोज आठ तास. मी एकतीस वर्षे मीटर वाचले आहेत. आकड्यावरून घरात माणूस आहे की नाही हे मला कळते.

एप्रिल व मे २०२४ या दोन महिन्यांत फक्त १८६ रुपये आले. तिने यंत्र उघडलेच नाही. कारण मला माहीत नाही. पत्नीने त्या दोन महिन्यांत सोमवार धरले. पुढच्या महिन्यात ४१० आले, म्हणजे छप्पन्न तास. त्यानंतरच्या सोमवारी पत्नी जेवली.

पत्नी दर दोन तारखेला विचारते, "बिल उनं का?" मी म्हणतो, उनं, म्हणजे आले. ती विचारते, "मना आवाज तठे शे ना?" मी म्हणतो, शे, तिथेच आहे. याहून अधिक बोलणे होत नाही. ललितला हे माहीत नव्हते.

सप्टेंबर महिन्याचे बिल ३,०६६ आले. त्याचे ७२० तास होतात. सप्टेंबरचे तीस दिवस, दिवसाचे चोवीस तास, तितकेच. यंत्र एकदाही बंद झाले नव्हते. पुनम निष्काळजी नाही. खोलीतून पाणी प्यायला उठली तरी पंखा बंद करून जाणारी मुलगी आहे. म्हणून मला भीती वाटली. पैशांची नाही.

९ ऑक्टोबर रोजी मी एसटीने धुळ्याला तिची मैत्रीण रत्ना हिच्याकडे गेलो. रत्नाकडेही तिचा नवा नंबर नाही. तिने मला जेवू घातले व संध्याकाळच्या गाडीत बसवून दिले.

त्यानंतर मला काही करता आले नाही. २ नोव्हेंबरपर्यंत थांबलो. त्या दिवशी मेसेज आला, १,५०६ रुपये. त्याचे ३३० तास होतात. एक तारखेपासून यंत्र अखंड चालू होते असे धरले, तर १४ ऑक्टोबर रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास ते बंद झाले. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही, हे मला समजते. पण पासवर्ड फक्त तिच्याकडे आहे. त्या दिवशी ती तिथे बसली होती, एवढे मी पत्नीला सांगितले आहे.

चौकशी करणाऱ्या मॅडमनी मला समजावून सांगितले की, तक्रार कायम राहिली तर कंपनीला पत्र देऊन हे खाते कोणत्या गावातून वापरले जाते ते विचारता येते. गुन्हा नसेल तर विचारता येत नाही. मी विचारले की, ते गाव मला कळेल का. त्या म्हणाल्या, तपासाच्या कागदावर येईल. मी विचारले की, त्या कागदावर पुनमचे नाव कुठे येईल. त्यांनी सांगितले की संशयिताच्या जागी.

मी बाहेर जाऊन बसलो. ललित तिथे होता, त्याने दारातून सर्व ऐकले होते. तो म्हणाला, "आबा, अडीच वर्षं तुम्ही एकटेच बघत होते?" त्याने चहा आणला व बंद झाल्याची तारीख मला परत विचारली. मी चौदा सांगितली. तो म्हणाला, "चौदाला आईचा वाढदिवस असतो." ते माझ्या लक्षात आले नव्हते.

त्यानंतर मी आत येऊन सांगितले की माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मुलीचा ठावठिकाणा मला हवा आहे, परंतु या मार्गाने नको. कार्ड माझे आहे व ते चालू राहावे. ललितही तक्रार मागे घेण्यास तयार आहे, त्याचा जबाब वेगळा घ्यावा.

माझा हा जबाब संगणकावर टंकलेला असून तो मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "मला पुनम नावाची मुलगी होती" असे आले होते, ते माझ्या सांगण्यावरून "आहे" असे केले व त्या ठिकाणी माझी सही घेतली. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही)
जीवराम उखा शिसोदे