कापराच्या लाकडाची कुआनयिन

आई : जाळली म्हणून सांगितलं ना. चुलीत घातली, राख रताळ्यांच्या शेतात टाकली. अजून काय विचारायचंय?

यिंगलियन : कापराचं लाकूड जळलं असतं तर अख्ख्या गल्लीत वास सुटला असता, आई.

आई : तू होतीस कुठं वास घ्यायला? दंडाला लाल पट्टी बांधून शाळेतच मुक्काम ठोकलायस. आईची आठवण आज बरी झाली.

यिंगलियन : दुपारी आमचे लाल रक्षक येताहेत, जुन्या मूर्ती शोधून फोडायला. आपल्याकडे. आमचा म्होरक्या चेंग स्वतः येतोय.

आई : तूही असशील त्यांच्यात.

यिंगलियन : हो.

आई : मग आत्ता माझ्यासमोर कोण उभंय? माझी यिंगलियन, की ती दुसरी? काय नवं नाव घेतलंयस?

यिंगलियन : वेईहोंग. आई, वेळ नाहीये. कुआनयिन देवी कुठंय तेवढं सांग.

आई : शेजारच्या वू आजोबांच्या नातवानंही असंच लाडीगोडीनं विचारलं होतं. आजोबांनी भाबडेपणानं दाखवलं मूर्ती लपवलेलं फडताळ. मग त्यांच्याच बुद्धाची मूर्ती त्यांच्या गळ्यात बांधली, डोक्यावर कागदी टोपी घातली आणि गावभर फिरवलं. म्हातारा अजून अंथरुणातून उठलेला नाही. त्या दिवशी तू कुठं होतीस गं?

यिंगलियन : मी घोषणा देत होते.

आई : खरं बोललीस, तेवढं बरं केलंस.

यिंगलियन : तुला तसं फिरवलेलं मला बघवणार नाही. जिथं ती आहे तिथं मी शोधायला जाईन. मीच गेले तर दुसरं कुणी जाणार नाही. पण जागा माहीत नसेल तर मी काय करू?

आई : पणजोबांच्या हातची आहे ती. तुझ्या वेळी अडले होते, तेव्हा तुझ्या बाबांनी तिला माझ्या उशाशी आणून ठेवलं होतं.

यिंगलियन : माहितीय.

आई : सांगायला भीती वाटतेय. पोटच्या पोरीला.

यिंगलियन : आई, ढोल वाजायला लागलाय.

आई : डुकरिणीच्या गोठ्यात. पेंढ्याखाली, भिंतीकडच्या कोपऱ्यात. नुकतीच व्यायलीय, परक्याला आत पाऊल टाकू देत नाही.

(दिवस कलला आहे. पोरं निघून गेली आहेत. यिंगलियन पाणी प्यायचं निमित्त काढून मागे राहिली आहे.)

आई : चेंग गोठ्याच्या दारापर्यंत आला तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं.

यिंगलियन : तो आतच शिरणार होता. म्हणून मी माळ्यावरच्या पेटीतला लोहान, तो बुद्धाचा लाकडी शिष्य, काढून आणला.

आई : बाबांनी कोरलेला. तू जन्मलीस तेव्हाचा.

यिंगलियन : काहीतरी सापडल्याशिवाय ते हलले नसते.

आई : पण कुऱ्हाड तू का चालवलीस? द्यायची होती त्या चेंगच्या हातात.

यिंगलियन : मग त्यानं माझ्याकडे पाहिलं असतं. मी रडते का ते.

आई : मी पाहत होते. तू हसत होतीस. मला वाटलं, हिला खरंच मजा येतेय.

यिंगलियन : मलाही तसंच वाटलं. एक घाव घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला बरं वाटलं, आई. त्याचीच भीती वाटतेय आता.

आई : ये इकडे. बस जरा.

यिंगलियन : नको. उशीर झाला तर विचारतील.

आई : आता ढोल कुठं चाललाय?

यिंगलियन : पुलापलीकडे. मावशीच्या गल्लीत.

आई : अगं, तिच्याकडे तर अख्खं देवघर आहे. तिला कुणी सांगितलं का? तू तरी आधी जायचंस.

यिंगलियन : सकाळी इथं यायच्या आधी तिच्याकडेच गेले होते. कितीतरी वेळ दार वाजवलं.

आई : घरात नव्हती?

यिंगलियन : होती. 'मावशी, मी आहे' म्हटलं. तिनं माझा आवाज ओळखला, म्हणूनच दार उघडलं नाही.