एक फर्मा इकडचा तिकडे

...नाही, मला एक सांगा, पुठ्ठे सहा, पाठी सहा, सहाही पुस्तकं फळीवर आपापल्या पायावर उभी, एक काढलं तरी बाकीची पडत नाहीत, मग ती सहा पुस्तकं झाली की नाही? झालीच ना? पण आमच्या घरात हा हिशोब चालत नाही! बायको म्हणते, "अहो, कादंबरी एकच आहे. तुम्ही तिचे तुकडे केलेत." तुकडे! तुम्हाला सांगतो, मी बाइंडर आहे, खाटीक नाही. उभा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला आणि माझ्या हातून आजवर एक फर्मा इकडचा तिकडे झालेला नाही!

फर्मा म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागच्या रांगेतले एकमेकांची तोंडं बघत बसतील. मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्या कागदाची घडी घालतात, ती घडी म्हणजे फर्मा. असे फर्मे एकावर एक रचायचे, शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक! आता ते वाचायचं कोणी? ज्याचं त्याने! मी कशाला वाचू? पण आमच्या हिला वाचनाचं वेड. वाचनालयाची सभासद. आणि त्या वाचनालयात एक खूळ आहे, वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने जाहीर करायचं, यंदा किती पुस्तकं वाचणार, आणि वर्षाच्या शेवटी ज्याचा संकल्प पुरा झाला त्याने समोर उभं राहून एका पुस्तकाबद्दल बोलायचं. ही दरवर्षी बोलते. छान बोलते. लोक टाळ्या वाजवतात. आणि मी? मी दरवर्षी खुर्चीत बसून हिची पिशवी धरतो!

संकल्प मीही सोडायचो हो. पण माझा संकल्प म्हणजे कसा, जानेवारीत सोडला, तो सुटलाच. पहिलं पुस्तक उघडलं की माझं लक्ष शिवणीकडे. ही विचारायची, "कुठवर आलात?" मी म्हणायचो, "यांनी दोरा हलका वापरलाय गं." शेवटी ही हसून म्हणाली, "तुम्ही आपली पिशवीच धरा." हसूनच म्हणाली, पण लागलं मला. म्हटलं, यंदा सहा! सहा वाचणार आणि समोर उभा राहून बोलणार. पिशवी धर तू!

तर मुलीने वाढदिवसाला कादंबरी दिली. काळ्या जादूची, काळ्या नगरीची, मुखपृष्ठावर पापण्याच नसलेली राणी. आणि जाडी? अहो, आडवं पडून छातीवर ठेवली तर श्वास परवानगी घेऊन येत होता! मुलीला म्हटलं, "बाळा, एवढ्या एकात वर्ष जाईल, माझे सहा कधी व्हायचे?" ती म्हणाली, "बाबा, मोजायला नाही, वाचायला दिलंय." पण मी मोजणारा माणूस. दुकानात गेलो, पाठ सोडवली, खळ खरवडली, फर्मे मोकळे केले. एकाची सहा करायची!

आणि तेवढ्यात आली ती विद्यार्थिनी! प्रबंधाच्या चार प्रती काखेत, घामाघूम. "काका, आजच जमा करायचाय, काका, प्लीज, काका, मार्गदर्शक सर गावाला चाललेत!" प्रबंधवाल्यांचे सर नेहमी गावालाच का चाललेले असतात हो? ती वळली, तिची पाठीवरची बॅग माझ्या टेबलाला लागली, आणि अख्खी काळी नगरी जमिनीवर! मी म्हटलं, काही हरकत नाही. गोळा केले फर्मे, ठोकून सरळ केले. पानांचे आकडे बघितले का, म्हणता? आकडे नवशिके बघतात! मला फर्म्याचा क्रम बोटांना कळतो. सहा गठ्ठे केले, शिवले, आणि सहाही एका उंचीचे दिसावेत म्हणून खालून जरा जास्तच कापले, त्यात पानांचे आकडे गेले रद्दीत. जाऊ देत. सहा रंगांचं कापड, सहा देखणी पुस्तकं. दृष्ट लागेल अशी!

मग वाचायला बसलो. आणि तुम्हाला सांगतो, काय ती कादंबरी! त्या नगरीत मूल जन्मलं की त्याची सावली कापून विहिरीत टाकतात. राणी मिठात झोपते. वेशीवर एक पहारेकरी, त्याच्याजवळ तीन पायांचा कुत्रा. दुसऱ्या पुस्तकात पहारेकऱ्याचं मुंडकं उडवलं. मला रडू आलं. तिसरं उघडलं, तर हा आंघोळीला गरम पाणी मागतोय! आणि कुत्र्याला चार पाय! म्हटलं, वा! पाय उगवला! राणीने तलवार उपसली, रक्ताने माखलेले डोळे वर केले आणि... पान उलटलं तर... "उकळू दे नीट, मीठ मी घालते." अंगावर काटा आला माझ्या! एवढ्या कत्तलीत त्या बाईचं लक्ष चुलीवर! याला म्हणतात साहित्य!

मी हिला जेवताना सांगायचो, दात घासताना सांगायचो. "अगं, त्या जगात माणूस आधी मरतो आणि मग जगतो! काळाची घडी घातलीय त्या लेखकाने, घडी!" ही ऐकायची. मधेच पदर तोंडाला लावायची. मला वाटलं, भारावली.

आला वर्षाच्या शेवटचा कार्यक्रम. सहा पुस्तकांवर हिने हरकत घेतली, पण ग्रंथपालबाई म्हणाल्या, "बाइंडरसाहेब पहिल्यांदाच वाचून आलेत, बोलू द्या त्यांना." मी उठलो, पिशवी हिच्या मांडीवर ठेवली... आणि बोललो! विहिरीतल्या सावल्यांवर बोललो, उगवलेल्या पायावर बोललो, मेलेला माणूस आंघोळ करतो तेव्हा आपल्याला आपली माणसं कशी आठवतात, त्यावर बोललो. पुढच्या रांगेत एक आजोबा डोळे पुसत होते. टाळ्या थांबेनात! चहाच्या वेळी दाताच्या डॉक्टरीणबाई जवळ आल्या, त्यांनी ती कादंबरी वाचलेली. "काका, भाषण छानच, पण... कुत्र्याचा पाय शेवटी कापतात ना? उगवत नाही तो." मी हसलो. खांद्यावर हात ठेवला असता, पण त्या पडल्या डॉक्टर. म्हटलं, "बाईसाहेब, परत एकदा वाचा. घाईत निसटलं असेल."

आणि घरी येताना, भर रस्त्यात, ही म्हणते, "अहो, कुत्रा आधी चार पायांचाच होता."

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"मी वाचलीय ती कादंबरी. मागेच. तुम्ही फर्मे उलटसुलट लावलेत."

फर्मे? माझ्या हातून? तिथेच थांबलो मी. मागून एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकला. "मग बोलली का नाहीस इतके दिवस?" तर म्हणाली, "किती वर्षांनी जेवताना माझ्याशी बोलत होतात. दोरा आणि खळ सोडून. मी कशाला गप्प करू तुम्हाला?" पिशवी घेतली तिच्या हातातून आणि चालायला लागलो. मला फार बरं वाटत होतं आणि फार लाजही वाटत होती, दोन्ही एकदम.

पण धंद्याची अब्रू म्हणून काही आहे की नाही! पुढच्या सुट्टीला सहाही पुस्तकं उसवली. आकडे तर कापलेले, मग ही जमिनीवर बसून एकेका फर्म्याची शेवटची ओळ वाचायची, मी पुढची शोधायचो. "तलवार उपसली, डोळे वर केले आणि..." "थांब, थांब, हे बघ, 'आणि पहिल्यांदा तिला स्वतःची सावली दिसली'." दिवस गेला त्यात. सगळी सरळ लावली, एका पुठ्ठ्यात बांधली, आणि पहिल्यापासून परत वाचली. चांगली आहे. पण साधी आहे हो. माणसं जगतात आणि मग मरतात, त्यात काय नवीन? ही म्हणते, एकच पुस्तक वाचलंत. मी म्हणतो, एक नाही, दोन! एक लेखकाचं आणि एक माझं. आणि तुम्हाला खरं सांगू? माझं सरस होतं!

हे मी म्हणत नाही, अख्खं वाचनालय म्हणतंय! माझं भाषण ऐकून सगळ्यांनी ती कादंबरी नेली, आणि सगळे तोंड पाडून परत आले. "काका, ते गरम पाणी कुठाय?" "कुत्र्याचा पाय उगवत का नाही?" शेवटी ग्रंथपालबाई स्वतः दुकानात आल्या, वाचनालयाची नवी प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाइंडरसाहेब, लोक ऐकत नाहीत. तुमच्यासारखी बांधून द्या."

आता आली का पंचाईत! माझ्यासारखी म्हणजे कशी? तो क्रम माझ्याजवळ उरलाय कुठे? तरी बसलो. फर्मे मोकळे केले. पत्त्यांसारखे पिसले. जमिनीवर उधळले. डोळे मिटून गोळा केले. त्या विद्यार्थिनीला बोलावून टेबलाला बॅगसुद्धा मारायला लावली! बांधलं, उघडलं... कुत्रा चार पायांचा, मग तीन पायांचा. पुन्हा उसवलं, पुन्हा पिसलं, पुन्हा बांधलं... पहारेकरी आंघोळ करतो आणि मग मरतो. बोटं ऐकतच नाहीत! आपोआप सरळ लावतात!

ग्रंथपालबाई रोज निरोप पाठवतात. वाचक ताटकळलेत. ही पुढच्या वर्षीचा संकल्प विचारतेय. आणि मी इथे डोक्याला हात लावून बसलोय... काय करू, तुम्हीच सांगा! माझ्या हातून एक फर्मा इकडचा तिकडे होत नाही हो!