पाच स्टार आणि ऑफिसची किल्ली

मंडळी, ऐका! मंगळवार, संध्याकाळचे पाच वाजून सात मिनिटं. कराडात वसुधाताई घोलपांचा हात पडद्यावर अडकला.

ताई कर्णबधिरांच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. तिकडे अकलूजला रंजना. तिला ऐकू येत नाही आणि सोमवारी दहावीचा भूमितीचा पेपर! ताई तिला हातांच्या खुणांनी शिकवतात, कॉम्प्युटरवर. "मग फोनवर सांगायचं!" म्हणताय? अहो काका, ऐकू येत नाही म्हटलं ना! मोबाइलला ताईंच्या बोळात रेंज नाही. भिस्त घरच्या इंटरनेटच्या वायरवर. आणि तिथं नुसतं चक्र फिरतंय! कंपनीची दक्षिणा महिन्याची हजार, तीही आगाऊ — प्रदक्षिणा चालूच, देव काही दिसेना!

आता आजच्या कीर्तनाचा प्रश्न. खरं बोललं की गरिबाच्या पोटावर पाय येतो — तेव्हा बोलावं, की गप्प बसावं?

कंपनीचा वायरमन विलास आला. वायर बदलली, घामाघूम झाला. "मावशी, तेवढं पाच स्टार द्या. कमी पडलं तर आजचा भत्ता जातोय बघा."

ताईंनी दिले. लगेच मेसेज — 'ग्राहक समाधानी, तक्रार बंद!' महिन्यात असं तिसऱ्यांदा झालं, मंडळी.

शेजारच्या कुसुमवहिनी तडकल्या, "एकच स्टार द्या! अक्कल येईल."

"कोणाला? विलासला आहे अक्कल. वरून येणारी लाइनच अपुरी, तो काय करणार?"

बुधवारी पाचला ताई लॅपटॉप घेऊन थेट कंपनीच्या ऑफिसात!

साहेब म्हणाले, "बाई, काय काम?"

"तास आहे माझा. तुमच्याकडं नेट चालतं ना?"

"चालतं, पण हे ऑफिस—"

"मी तुमची समाधानी ग्राहक. तुम्हीच लिहिलंय!"

हात उठले — त्रिज्या, जीवा, स्पर्शिका! बिल भरायला आलेली माणसं थबकली. विचारलं, इथं का? ताईंनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, विलासला बोल लावला नाही. पडद्यावर रंजनानं खूण केली — समजलं!

मंडळी, खरं बोलायचंच! पण ज्याच्या हातात काही आहे, त्याच्यासमोर. आपण काय करतो? वायरमनवर खेकसतो, साहेबाला नमस्कार घालतो! परवा कोणावर ओरडलात? आठवा. मीही आठवतोय.

कालपर्यंत चार तास तिथंच झाले. साहेबांनी खुर्ची दिली. घरी अजून चक्रच. उद्या पेपर, आज रविवार, ऑफिस बंद. आत्ताच आपल्या मृदंगवाल्या आप्पांना निरोप आलाय — पाचला दहा कमी आहेत, ताई कुलपासमोर उभ्या आहेत. किल्ली साहेबांकडं. साहेब घरून निघालेत, एवढंच कळलंय.