फोनवरचं आवतण

एदेल्मिरा : आणि हे मिलकाओ कोण खाणार? पहाटेपासून बटाटे किसतेय मी. परात भरली तळून, आणि अंगणात माणूस म्हणून तू एकटा.

कुस्तोदियो : येतील गं. धुकं आहे, म्हणून उशीर झाला असेल.

एदेल्मिरा : सगळं चिलोए बेट धुक्यातच जगतं. समोरची रोसाल्बा मघापासून खिडकीत उभी राहून मजा बघतेय, तिला बरं दिसतंय धुक्यातून आपलं अंगण.

कुस्तोदियो : मी सगळ्यांना कळवलंय.

एदेल्मिरा : कसं कळवलंयस, तेच विचारतेय.

कुस्तोदियो : गावाच्या ग्रुपवर टाकलं. सोमवारी सफरचंदं कुटायची आहेत, जेवण आमच्याकडे. सगळ्यांनी अंगठे दिले की.

एदेल्मिरा : मग कुट आता त्या अंगठ्यांनी. अरे, कुटणीचं आवतण कुणी फोनवरून देतं का? दारोदार जायचं, टोपी काढायची, विनंती करायची. तुझा बाप गुडघे धरून टेकडीवरच्या चिगुआयांकडे चढायचा. ते नाही म्हणणार हे माहीत असूनही जायचा.

कुस्तोदियो : काळ बदललाय, एदे.

एदेल्मिरा : सफरचंदांना सांग ते. ढीग खालून काळा पडायला लागलाय. आज कुटली नाहीत, तर गेल्या वर्षीसारखी डुकरांपुढे ओतायची. आणि समजा, आपण दोघांनीच काठ्या घेऊन कुटली. पुढे काय? लगदा दाबून रस काढायचा चरक कुठाय?

कुस्तोदियो : ठाऊक आहे तुला.

एदेल्मिरा : तुझ्या तोंडून ऐकू दे.

कुस्तोदियो : बेलार्मिनोकडे.

एदेल्मिरा : कुटायची डोणी तुझ्याकडे, चरक धाकट्या भावाकडे. दोघांनी मिळून रस आंबवून चिचा करावी, म्हणून म्हाताऱ्याने अशी वाटणी केली. आणि तुम्ही? तो गेल्यापासून तोंडं फिरवून बसलाय. पिंपं सुकून त्यांच्या फळ्या उकलल्या. आता कळलं मला ग्रुपवर का टाकलंस ते. दारोदार निघालं, की पहिलं दार त्याचं लागतं.

कुस्तोदियो : बाबांच्या मयताच्या जेवणात मला चिक्कू म्हणाला तो. चार लोकांत.

एदेल्मिरा : आणि तू त्याला काय म्हणालास, ते सांगू?

कुस्तोदियो : नको.

एदेल्मिरा : मग घाल बूट आणि जा.

कुस्तोदियो : त्याने तोंडावर दार लावलं तर? बाकी कुणी लावलं तर चालेल मला. त्याने लावलेलं सहन व्हायचं नाही.

एदेल्मिरा : हे दोन वर्षांत एकदा तरी बोलला असतास, तर माझं डोकं एवढं उठलं नसतं. थांब, कुत्रा भुंकतोय. बघ कोण आहे.

(फाटकापाशी बेलार्मिनो उभा आहे. टोपी हातात.)

बेलार्मिनो : वहिनी, आत नाही येत. दादाशी काम होतं.

कुस्तोदियो : बोल.

बेलार्मिनो : विनंती करायला आलोय. उद्या माझ्याकडे कुटणी आहे. डोणी घेऊन येशील का?

कुस्तोदियो : माझा मेसेज नव्हता मिळाला तुला?

बेलार्मिनो : मिळाला की. अंगठापण दिला. पण ते आवतण गावाला होतं, मला नव्हतं.

एदेल्मिरा : कुस्तोदियो, उत्तर दे त्याला. माणूस दारात ताटकळलाय.

कुस्तोदियो : येतो उद्या. डोणी घेऊन येतो.

बेलार्मिनो : बरं. निघू मग?

कुस्तोदियो : ऐक ना. आज माझ्याकडे कुटायची आहेत. तू... चरक घेऊन येशील का?

बेलार्मिनो : वळणापलीकडे बैलगाडीत आहे. विचारतोस की नाही, ते बघत होतो.